नव्या ग्रंथपालाला किल्ल्या देताना : कला आणि संस्कृती मंत्र्यांना खुले पत्र

मा. कला आणि संस्कृती मंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

महोदय,

सादर नमस्कार.

ग्रंथालयांविषयी मंत्र्यांना पत्र आले की त्यात नवी इमारत, नवे संगणक किंवा वाढीव अनुदान मागितले असणार, असे कुणीही धरून चालेल. आम्ही मागतो आहोत दोन पानांचा एक फॉर्म आणि तीस दिवस. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली ‘पब्लिका लिव्रारिया’ म्हणून सुरू झाले, आज ते कृष्णदास शामा यांच्या नावाने पाटोच्या संस्कृती भवनात उभे आहे. १९९३ चा ग्रंथालय कायदाही आपल्याकडे आहे. घोडे अडते ते गावातल्या किंवा तालुक्यातल्या ग्रंथालयात नवी ग्रंथपाल पहिल्यांदा रुजू होते त्या दिवशी.

त्या दिवशी काय होते? आधीच्या माणसाची बदली झालेली असते किंवा तो निवृत्त होऊन दोन महिने झालेले असतात. किल्ल्यांचा जुडगा शिपायाकडे. ‘सर्व पुस्तके मिळाली’ असा एका ओळीचा कागद तयार ठेवलेला. नवी ग्रंथपाल सही करते, कारण पहिल्याच दिवशी ‘मोजल्याशिवाय सही करणार नाही’ म्हणायची सोय नसते. ॲक्सेशन रजिस्टरात, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या दाखल वहीत, शेवटचा आकडा दिसतो, समजा, १२,४८०. तेवढी पुस्तके आता तिच्या नावावर चढली. दोन-तीन महिन्यांत तिला कळते की कपाटात तेवढी नाहीत. मग ती कुठल्याही समंजस कर्मचाऱ्याने केले असते तेच करते. चांगल्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावते, कोश आणि महागडी पुस्तके टेबलामागे नेऊन ठेवते, लहान मुलांना हात लावू देत नाही. लोक म्हणतात, बाई खाष्ट आहे. बाई घाबरलेली असते, पगारातून वसुली होईल म्हणून.

ही भीती हिशेबाने जाते, म्हणून हिशेब इथे मांडतो. १२,४८० हा दाखल झालेल्या पुस्तकांचा आकडा. त्यातून आजवर रीतसर बाद केलेली वजा करायची, धरा १,१५०. राहिली ११,३३०. वाचकांकडे ३४०, बाइंडरकडे ६०, रॅकवर मोजून १०,६१०. म्हणजे खरी तूट ३२०. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमावलीचा (२०१७) नियम २१५ सांगतो की वर्षभरात दिलेल्या किंवा जागेवर वाचलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे वाजवी धरावे, त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. वर्षाला ८,००० देवघेव असेल तर ४० पुस्तके. सात वर्षे मोजणीच झाली नसेल तर ढोबळ मानाने २८०. चौकशी उरली ४० पुस्तकांची. ३२० चा धसका आणि ४० ची चौकशी यांत एका माणसाच्या झोपेचा फरक आहे.

या नियमातले ‘जागेवर वाचलेली’ हे शब्द महत्त्वाचे, आणि ते बहुतेक ठिकाणी वाया जातात. टेबलावर सोडलेली पुस्तके संध्याकाळी रॅकवर लावताना कुणी मोजत नाही. एका वहीत रोज फक्त आकडा लिहिला तरी वर्षाची देवघेव कागदावर बरीच वाढते आणि तिच्यासोबत वाजवी तुटीची मर्यादाही. तोच नियम म्हणतो की वीस हजारांपर्यंत पुस्तके असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी, वीस ते पन्नास हजारांत तीन वर्षांतून निदान एकदा, त्यापुढे तीन वर्षांच्या आत नमुना मोजणी. हजार रुपयांवरचे पुस्तक किंवा दुर्मीळ ग्रंथ हरवला तर मात्र चौकशी टळत नाही. गावातली ग्रंथालये बहुतेक पहिल्या गटातली. तेव्हा हा नियम गावच्या ग्रंथालयालाही याच अर्थाने लागू आहे, असे एक स्वच्छ परिपत्रक आपल्या खात्याने काढावे, ही पहिली विनंती.

दुसरी, तो दोन पानांचा फॉर्म. चार्ज देताना वरचे पाचही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचे आणि मोजणीसाठी पंधरा कामाचे दिवस द्यायचे. तोवरची सही ‘मोजणीच्या अधीन’ अशी. दोघे जण बसले, एकाने क्रमांक वाचला आणि दुसऱ्याने छापील क्रमांकतक्त्यावर खूण केली, तर दिवसाला आठशेच्या आसपास पुस्तके होतात. दहा-साडेदहा हजारांना तेरा-चौदा दिवस. बारकोड असतील तर काम याहून खूप लवकर आटपते. कोहासारख्या ग्रंथालयांसाठीच्या संगणक प्रणालीत स्कॅनरने क्रमांकांची साधी फाइल करून मोजणीच्या सोयीत चढवली की न सापडलेल्यांची यादी आपोआप निघते. गोची बारकोड चिकटवण्यात असते. तो प्लॅस्टिकच्या वेष्टणावर लावला की वेष्टण फाटले त्या दिवशी पुस्तक निनावी झाले. मलपृष्ठावर लावला तर बाइंडर तो कापून टाकतो. एक बाहेर आणि एक आत, मुखपृष्ठानंतरच्या छापील पानावर, असे दोन लावले तर हा प्रश्न येत नाही. (मोजणी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवड्यात उरका, वाचक नसतो, असा सल्ला मिळतो. तो देणारा गोंयकार नसावा. त्या आठवड्यात मोजणारेही नसतात.)

आता तीस दिवसांबद्दल. गावात पाठवण्याआधी प्रत्येक नव्या ग्रंथपालाला एक महिना मध्यवर्ती ग्रंथालयात जाणत्या माणसाच्या हाताखाली बसवावे. बी.लिब.च्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या, वर्षात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे पाच नियम पाठ होतात, त्यांच्या कोलन वर्गीकरणाचे अंक सुटतात, ते वाया जात नाही. पण गोव्याच्या रॅकवर जे येते ते अभ्यासक्रमात नसते.

उदाहरणच घ्या. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई वर्गीकरणात मराठी कविता ८९१.४६१ वर आणि कोकणी कविता ८९१.४६९१ वर. मधला एक ९ टाइप करायचा राहिला की कोकणी कवितासंग्रह मराठीत जाऊन बसतो. गोव्यात या चुकीवर वर्तमानपत्रात पत्रव्यवहार होऊ शकतो, तेव्हा तो ९ सांभाळावा. बा. भ. बोरकरांची पुस्तके दोन्ही ठिकाणी असणार, ते बरोबरच आहे, पण लेखकाचे नाव एकच हवे. एका नोंदीत ‘बोरकर, बा. भ.’, दुसरीत ‘बाकीबाब बोरकर’, तिसरीत ‘बोरकर, बाळकृष्ण भगवंत’ असे भरले तर संगणकाला ते तीन कवी वाटतात आणि शोधणाऱ्याला एक-तृतीयांश बोरकर मिळतात. शणै गोंयबाब आणि वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर या एकाच लेखकाच्या दोन नावांचीही तीच गत. लक्ष्मणराव सरदेसाई मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज अशा तीन भाषांत लिहिते होते, त्यांच्या नावाची रूपे मोजायलाच नकोत. गोव्यातल्या लेखकांची एक अधिकृत नामसूची मध्यवर्ती ग्रंथालयाने ठेवायची आणि सगळ्यांनी तिच्यातूनच नाव उचलायचे. हे काम एकाच जागी व्हावे लागते. प्रत्येक गावात वेगळे झाले की ते झालेच नाही असे समजावे.

लिपीचा घोळ त्याहून वरचढ. कोकणी पुस्तक देवनागरीत असो वा रोमीत (रोमन लिपीत), मार्क नोंदीत, म्हणजे संगणकातल्या ग्रंथनोंदीच्या ठरलेल्या साच्यात, भाषेचा संकेत एकच, ‘केओके’. रोमी तियात्राचे (गोव्यातल्या कोकणी नाटकाचे) पुस्तक मागणाऱ्याला देवनागरी पुस्तकांची यादी दिसते. उपाय सोपा आहे: ५४६ क्रमांकाच्या फील्डमध्ये लिपी लिहायची आणि ८८० मध्ये शीर्षकाचे दुसऱ्या लिपीतले रूप द्यायचे. दर पुस्तकामागे तीन-चार मिनिटे जास्त लागतात. पोर्तुगीज पुस्तकांसाठी भाषा यायलाच हवी असे नाही, मुखपृष्ठावरचे चाळीसेक शब्द ओळखता आले की पुरे. आवृत्ती, खंड, भाषांतर, छापखाना. ‘नोवा गोवा’ हे प्रकाशनस्थळ म्हणजे पणजी, ‘इम्प्रेन्सा नासिओनाल’ म्हणजे सरकारी छापखाना, हे ठाऊक असले की अर्धी नोंद तिथेच होते. आणखी एक: १९११ च्या लेखनसुधारणेआधीच्या पुस्तकांत स्पेलिंग जुने असते. नाटकाच्या शब्दात ‘टी’नंतर ‘एच’ दिसतो, तो पुढे गळला. नोंदीत छापले आहे तसेच लिहायचे आणि नवे रूप जोडशीर्षकात द्यायचे. नाहीतर पुस्तक रॅकवर असून सापडत नाही.

जुन्या याद्या संगणकावर आणताना होणारी नासधूस तर रोजची. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी कष्टाने केलेली यादी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते. ती युनिकोडमध्ये बदलून न घेता चढवली तर अक्षरांच्या जागी खिचडी. यादी एक्सेलमध्ये उघडून तशीच जतन केली की तेरा आकडी आयएसबीएनचे (पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचे) ‘९.७८ई+१२’ होते आणि दाखल क्रमांक ००४५२ चे ४५२. स्तंभाचा प्रकार आधी ‘टेक्स्ट’ करायचा, फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवायची. त्याकडे दुर्लक्ष झाले तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते आणि मूळ फाइलवरच जतन केले असेल तर परतीचा रस्ता नाही. कोहात देवनागरी शोध नीट चालायला झेब्रा या त्यातल्या शोधयंत्रणेची अनुक्रमणी आयसीयू या युनिकोड अक्षरे ओळखणाऱ्या पद्धतीने लावावी लागते. हे एकदा करायचे काम आहे, पण करणाऱ्याला ते माहीत हवे.

इथेच नियोजनाचा मुद्दा येतो. इंग्रजी पुस्तकाची तयार नोंद बाहेरून उतरवून घेता येते. मराठी-कोकणीची बहुधा मुळापासून करावी लागते. वाचक सांभाळून दिवसाला पंचवीस नोंदी झाल्या तर ते चांगले काम समजावे. दहा हजार पुस्तकांना चारशे कामाचे दिवस, म्हणजे एका माणसाची दीड वर्षाहून जास्त नोकरी. ‘सहा महिन्यांत संगणकीकरण पूर्ण करा’ असा आदेश निघतो तेव्हा हा भागाकार कुणी केलेला नसतो. मग शीर्षक, लेखक, किंमत एवढेच भरून आकडा पुरा केला जातो आणि पुढच्या माणसाला सगळे नव्याने करावे लागते.

खरेदीचेही तेच. पैसे फेब्रुवारीत सुटतात आणि ३१ मार्चला परत जातात. पाच आठवड्यांत कोटेशन, पुरवठा, बिल. सर्वांत जास्त सूट देणारा पुरवठादार निवडायचा म्हटल्यावर तो सूट परवडेल अशीच पुस्तके देणार, म्हणजे पडून राहिलेला माल. यादीतली शंभर नावे ‘उपलब्ध नाहीत’ आणि त्यांच्या जागी तीच ती व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके. खरेदी वाचकांच्या मागणी वहीवरून व्हावी, यादी सप्टेंबरपर्यंत पक्की, मागणीपत्र ऑक्टोबरात, पुस्तके डिसेंबरात हातात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत शिक्के, नोंदी, लेबले होतील. त्यासाठी मंजुरी जूनच्या आत हवी. बदली पुस्तक स्वीकारायचे नाही, हे मागणीपत्रात आधीच लिहावे.

एक लाखात तीनशे रुपयांच्या सरासरीने साधारण ३३० पुस्तके येतात. ९० सेंटिमीटरचा खण पाऊण भरायचा असतो, ठासून भरला की पुस्तक काढताना कणा वरून फाटतो. एका खणात सत्तावीस धरली तर बारा-तेरा खण लागतात, म्हणजे सहा खणी दोन रॅक. दरवर्षी दोन रॅक! त्यांना पैसे नसतात आणि जागाही नसते. वेष्टण, लेबल, बाइंडिंग याला तर खर्चाचे शीर्षकच नसते. अनुदानातला दहावा हिस्सा या कामांना वापरायची मुभा द्यावी. आणि बाद करण्याची समिती वर्षातून एकदा बसलीच पाहिजे. दहा वर्षांपूर्वीची स्पर्धा परीक्षांची गाइडे जागा अडवतात, त्यातून चुकीची माहिती जाते ती वेगळीच.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते. रॅक भिंतीपासून १५ सेंटिमीटर दूर, खालचा खण जमिनीपासून तेवढाच वर, दुपारी खिडक्या उघड्या टाकण्यापेक्षा पंखे चालू. डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही. खणात वर्तमानपत्र अंथरले की ओल आणि कसर दोन्हींना आमंत्रण. भिजलेले पुस्तक पहिल्या दोन दिवसांतच वाचवायचे: उभे करून, पाने थोडी पसरून, पंख्याखाली. उन्हात नको. आर्ट पेपरची पाने मात्र मध्ये कागद घातल्याशिवाय वाळू देऊ नयेत, ती चिकटून विटेसारखी होतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, हे प्रत्येक ग्रंथालयाच्या भिंतीवर लिहायला हरकत नाही.

फॉर्मचा मसुदा आम्ही तयार केला आहे, आपल्या कार्यालयाने सांगितले की आणून देऊ. पुढची बदल्यांची यादी निघण्याआधी तो लागू झाला तर त्या यादीतल्या माणसांना पहिला उपयोग होईल. परिपत्रकाला वेळ लागणार असेल तर निदान ‘मोजणीच्या अधीन’ हे दोन शब्द चार्जच्या कागदावर छापून घ्यावेत, त्याला वित्त खात्याची मंजुरी लागत नाही.

आपले,
फोंडा, म्हापसा आणि काणकोण परिसरातील ग्रंथालयांत काम करणारे काही जण