मोजक्या श्रोत्यांचे संगीत आणि प्लॅटफॉर्मचे हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंटरनेटने संगीताचा धंदा बुडवला आणि इंटरनेटने प्रत्येक कलाकाराला व्यासपीठ दिले, ही दोन्ही मते आता इतकी रुळली आहेत की त्यांत नवे काही उरलेले नाही. दोन्हीकडचे लोक बोलतात ते मात्र बहुधा लोकप्रिय संगीताविषयीच. ड्रोन, नॉइज, अ‍ॅम्बियंट किंवा मुक्त जॅझ अशा प्रायोगिक प्रकारांतले जे संगीत जगभर विखुरलेल्या थोड्या श्रोत्यांवर तगून असते, त्याला इंटरनेटवरच्या संगीत-प्लॅटफॉर्मांनी नेमके काय दिले आणि काय दिले नाही, याविषयी हे पत्र.

1999 मध्ये आलेले नॅपस्टर, म्हणजे वापरकर्त्यांना आपापसांत गाण्यांच्या फाइल फुकट देता-घेता येणारी सेवा, न्यायालयीन लढाईनंतर 2001 मध्ये बंद पडले. त्यातल्या फुकटेगिरीची चर्चा पुष्कळ झाली, आणि ती व्हायलाही हवी होती. पण तिथे दुसऱ्या वापरकर्त्याने काय काय जमवले आहे, हे चाळून पाहण्याची जी सोय होती, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. दुर्मीळ संगीताचा प्रसार नेहमी असाच, एका दर्दी माणसाकडून दुसऱ्याकडे होत आला आहे. 2008 मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्प या कलाकारांना थेट श्रोत्यांना संगीत विकता येणाऱ्या संकेतस्थळावर तीच सोय रीतसर विक्रीला जोडून मिळते: अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रे दिसतात, त्यांतल्या एकावर क्लिक केले की त्या व्यक्तीचा सगळा संग्रह उघडतो, आणि तिथून जे नाव सापडते ते शोधायचे कसे, हेच आपल्याला एरवी सुचले नसते. कोणालाही आपले ध्वनिमुद्रण अपलोड करता येणाऱ्या साउंडक्लाउडवर तर श्रोत्याची टिप्पणी गाण्याच्या नेमक्या सेकंदावर नोंदवली जाते. घरी बसून ध्वनिमुद्रण करणाऱ्या अनोळखी कलाकाराला आपल्या रचनेतली कोणती जागा लागू पडली, हे इतक्या नेमकेपणाने पूर्वी कधी कळले असेल, असे मला वाटत नाही.

पैशाच्या हिशेबात मात्र ही आपुलकी दिसत नाही. मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर वर्गणीची रक्कम साधारणपणे एकाच गंगाजळीत जमा होते आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका हिस्सा, तितके पैसे त्याला मिळतात. त्यामुळे एखादा श्रोता महिनाभर एकाच प्रायोगिक वादकाचे संगीत ऐकत राहिला, तरी त्याच्या वर्गणीचा बहुतांश भाग त्याने कधीही न ऐकलेल्या गायकांकडे जातो. त्यात 2024 पासून स्पॉटिफायने असा नियम लागू केला की मागील 12 महिन्यांत किमान 1,000 वेळा ऐकला न गेलेला ट्रॅक रॉयल्टीच्या वाटपात धरला जाणार नाही. अशा ट्रॅकची कमाई इतकी किरकोळ असते की ती कलाकाराचे संगीत सेवेपर्यंत पोहोचवणाऱ्या वितरकाकडेच पडून राहते, हा कंपनीचा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण अशा असंख्य किरकोळ रकमा मिळून मोठी रक्कम होते आणि ती जास्त ऐकल्या जाणाऱ्या ट्रॅककडे वळते, हेही तितकेच खरे. साउंडक्लाउडने 2021 मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी वेगळी पद्धत आणली, ज्यात श्रोत्याचे पैसे त्याने ज्यांना ऐकले त्यांच्यातच वाटले जातात. यातून कोणी श्रीमंत होणार नाही, परंतु हिशेब तरी सरळ राहतो, आणि इतर सेवांनी तो का करू नये याचे पटणारे उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

दुसरा प्रश्न जतनाचा आहे, आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. 2003 ते 2015 या काळात मायस्पेस या समाजमाध्यमावर अपलोड झालेली कोट्यवधी गाणी सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचे 2019 मध्ये उघड झाले. गाजलेल्या गाण्यांच्या प्रती इतरत्र होत्याच, तेव्हा कायमची गेली ती बहुतांशी अशा बँडांची गाणी, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. बँडकॅम्पही 2022 मध्ये एपिक गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीकडे आणि पुढच्याच वर्षी साँगट्रेडर या संगीत-परवाने देणाऱ्या कंपनीकडे गेले, आणि या दुसऱ्या व्यवहारात जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागली. तिथे निदान विकत घेतलेले संगीत उत्तम दर्जाच्या फाइलच्या रूपात उतरवून घेता येते, त्यामुळे प्रती श्रोत्यांच्या संगणकांवर पसरलेल्या राहतात. केवळ स्ट्रीमिंगवर असलेल्या संगीताला तोही आधार नाही.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. सेवा बंद करण्यापूर्वी किंवा साठा हलवण्यापूर्वी प्लॅटफॉर्मने कलाकारांना पुरेशी मुदत देऊन कळवावे, मूळ फाइल परत घेण्याची सोय ठेवावी, आणि ज्यांची संमती असेल त्यांचे संगीत इंटरनेट आर्काइव्हसारख्या ना-नफा संग्रहाकडे सोपवावे. या अटी स्वेच्छेने पाळल्या जाणार नसतील, तर त्या कायद्याने घालाव्यात.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक