बाटली परत जाते कशी, अडते कुठे

संपादक महोदय,

पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीनंतर जुहू, वर्सोवा, दादरच्या चौपाटीवर प्लास्टिकचा जो थर साचतो, त्यातल्या पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या जवळून पाहाव्यात. बहुतेकींचे झाकण घट्ट लावलेले असते. या बाटल्या ज्या पेट (पीईटी) प्लास्टिकच्या असतात ते पाण्यापेक्षा जड असल्यामुळे बिनझाकणाची बाटली पाणी भरून तळाला जाते. म्हणजे किनाऱ्यावर येतात त्या केवळ तरंगणाऱ्या; नाल्यांच्या गाळात आणि खाडीत बसलेल्या आपल्या नजरेलाही पडत नाहीत. आणि यातली प्रत्येक बाटली भंगारात विकली जाणारी होती, याचे जास्त वाईट वाटते.

धारावीच्या तेरा कंपाउंडसारख्या ठिकाणी शहराचे प्लास्टिक हाताने निवडले जाते, तिथे स्वच्छ, पारदर्शक पेट बाटलीला चांगली मागणी असते. हिरवी, निळी त्याखालोखाल आणि दुधाळ पांढरी सर्वांत शेवटी. अडते ते त्याआधी, आपल्या इमारतीच्या कचऱ्याच्या डब्यापाशी. पूर्वी बाटल्या, डबे, रद्दी महिनाभर साठवून भंगारवाल्याला देण्याची घरोघरी रीत होती. ती मोडत चालली आहे. आता बाटली चहाचा चोथा, उरलेली आमटी, माशांची खवले यांच्यासोबत एकाच पिशवीत बांधली जाते. कारखान्यात बाटलीचे तुकडे करून गरम पाणी आणि कॉस्टिक सोड्याने धुतात. पण तेलकट, कुजलेला माल कितीही धुतला तरी पिवळट राहतो. त्यापासून पुन्हा बाटली होत नाही. धागा किंवा खोकी बांधायच्या पट्ट्या तेवढ्या होतात. केंद्राच्या नियमांनुसार कडक प्लास्टिकच्या वेष्टनांत, म्हणजे बाटल्या-डब्यांत, २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्प्रक्रिया केलेले प्लास्टिक वापरायचे आहे, २०२८-२९ पर्यंत ६० टक्के. एवढा स्वच्छ माल घराघरांतूनच यावा लागेल.

घरी करायचे ते अर्ध्या मिनिटाचे काम आहे. बाटली पूर्ण रिकामी करावी. तळाशी राहिलेल्या गोड पेयाच्या चार थेंबांनी झुरळे आणि बुरशी येते आणि काट्यावर वजनात कपात होते. भांडी विसळलेल्या पाण्याने एकदा खळबळावी, त्यासाठी नळ सोडू नये. बाटलीला पूर्ण वेढणारे प्लास्टिकचे वेष्टन असेल तर कापून काढावे. ते पीव्हीसीचे असल्यास पाण्यात पेटबरोबरच बुडते, त्यामुळे वेगळे होत नाही. पुढे पेट अडीचशे अंशांच्या वर वितळवताना ते आधीच जळून काळे ठिपके आणि आम्ल सोडते. थोडेसे पीव्हीसी सगळ्या घाण्याची वाट लावते. मग बाटली आडवी दाबून चपटी करावी आणि झाकण परत लावावे, म्हणजे ती पुन्हा फुगत नाही. झाकण वेगळ्या प्लास्टिकचे असते, पण कारखान्यात ते पाण्यावर तरंगून आपोआप निघते. सुटे झाकण मात्र गटाराच्या जाळीतून हमखास खाली जाते.

चपटी करण्याला आम्ही इतके महत्त्व का देतो, तर एक लिटरची बाटली भरते जेमतेम २० ते २५ ग्रॅम. तांदळाच्या गोणीत न दाबलेल्या चाळीस-पन्नास बाटल्या मावतात, म्हणजे सुमारे एक किलो. बाकी हवाच. दाबल्या तर त्याच गोणीत तिप्पट बसतात. टेम्पोचे भाडे सुटत नाही म्हणून भंगारवाला पाठ फिरवतो, त्यामागे हा हिशेब आहे.

सोसायटीने सुक्या कचऱ्यासाठी आठवड्याचा एक वार ठरवावा आणि तो न चुकता पाळावा. बाटल्यांचे पैसे सोसायटीच्या खात्यात जमा करू नयेत, ते सफाई कामगाराला किंवा कचरावेचक ताईंना द्यावेत. निवडण्याचे कष्ट त्यांचे आहेत, आणि पैसे त्यांच्या हातात पडले की वर्गीकरण टिकते.

ॲल्युमिनियमच्या कॅनची चिंता नाही, ते कुणी टाकून देत नाही. फळांच्या रसाची खोकी आणि काचेच्या बाटल्या यांचे हाल आहेत. खोक्यात सुमारे तीन चतुर्थांश कागद, बाकी प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा पातळ थर. हे थर सुटे करणारी यंत्रणा मोजक्या ठिकाणीच असल्याने बहुतेक भंगारवाले ती घेत नाहीत. काच जड, फुटणारी आणि कमी भावाची. ती कचऱ्यात टाकलीच तर कागदात गुंडाळून, वेगळी द्यावी. फुटलेल्या बाटलीने पहिला हात कापतो तो कचरावेचकाचा.

सरकारकडेही आमचे मागणे आहे. राज्याच्या मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पेट बाटलीवर परताव्याची किंमत छापण्याची अट होती: एक लिटर व त्याहून मोठ्या बाटलीला १ रुपया, लहान बाटलीला २ रुपये. पण ते पैसे ग्राहकाला दुकानातून परत मिळतील अशी व्यवस्था उभी राहिली नाही. आरेच्या दूध केंद्रावर रिकामी काचेची बाटली देऊन भरलेली घेतलेली पिढी अजून या शहरात आहे. तमिळनाडूत निलगिरीमध्ये २०२२ पासून मद्याच्या बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन रिकामी आणल्यावर परत दिले जातात. मुंबईत निदान रेल्वे स्थानकांच्या आवारातील स्टॉलवर तरी ही पद्धत सुरू करावी.

गणेशोत्सव मंडळांना एक विनंती. २०० मिलिलिटरच्या बाटल्या वाटू नयेत. किलोभर पेट गोळा करायला अशा शंभरेक बाटल्यांसाठी वाकावे लागते. वीस लिटरचे जार आणि स्टीलचे पेले ठेवावेत. बाटल्या येणारच असतील तर मंडपाबाहेरच्या पिंपाच्या झाकणाला दहा सेंटिमीटरचे गोल भोक पाडावे. उघड्या पिंपात तासाभरात प्रसादाच्या पत्रावळी पडतात. भोकातून बाटलीच आत जाते.

– सुका कचरा वर्गीकरणाचे काम करणारे काही रहिवासी, गोरेगाव, मुंबई