मोटर बदलायच्या आधी तपासून तर दाखवा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पाऊस जवळ आला की आपल्याकडे लोक वायपर, टायर, ब्रेक सगळं बघून घेतात पण एसीच्या ब्लोअरकडे, म्हणजे गाडीच्या आत हवा सोडणाऱ्या पंख्याकडे, कुणाचं लक्ष नसतं, आणि मग चोर्ला घाटात धुक्यात समोरची काच आतून पांढरी झाली की धावपळ. ती वाफ घालवायला एसी लावून, हवा बाहेरून घेऊन ब्लोअर काचेवर सोडावा लागतो, त्यामुळे ब्लोअर म्हणजे चैन नव्हे, पावसात तो बंद असणं धोक्याचं आहे.

पण मुख्य तक्रार गॅरेजवाल्यांबद्दल आहे. माझ्या गाडीचा ब्लोअर फक्त ४ नंबरवर चालायचा, १, २, ३ वर गप्प. एका गॅरेजमध्ये काही न उघडताच सांगितलं मोटर गेली, नवी घाला. अहो मोटर गेली असती तर ४ वर तरी कशी फिरली असती? कमी स्पीडचा करंट रेझिस्टरमधून (करंट कमी करणारा छोटा पार्ट) जातो आणि फुल स्पीडला थेट मोटरला, म्हणजे रेझिस्टर जळालेला, मोटरच्या मानाने अगदी स्वस्त पार्ट. हां, नवा रेझिस्टर पण लगेच जळला तर मात्र मोटर जड फिरून जास्त करंट ओढते का, केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारी जाळी) चोंदलाय का, सॉकेट वितळलंय का ते बघायला हवं. आपल्या गाड्या आंब्या-फणसाखाली लागतात, पाला काचेखालच्या जाळीत साचतो आणि पाणी आत उतरतं, ती जाळी तरी साफ ठेवा.

इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटर फॅनचंही तेच. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढतो आणि गाडी पळायला लागली की खाली येतो, सिग्नलला एसी पण गार देत नाही, तर पहिला संशय फॅनवर. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत फॅन फिरायलाच हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे फॅनला करंट चालू-बंद करणारा स्विच (तसलाच दुसरा रिले लावून बघता येतो), मग कनेक्टर, कारण किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने पिना आणि अर्थिंग गंजतात. बऱ्याच गाड्यांत कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) टेंपरेचर सेन्सरचा प्लग काढला की फॅन आपोआप सुरू होतो, तसं झालं तर मोटर ठीक आहे. हे सगळं इंजिन गार असताना करा, फॅन अचानक फिरू शकतो म्हणून हात लांब ठेवा आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका. फ्यूज उडतोय म्हणून मोठ्या अँपिअरचा टाकणारे पण भेटतात, त्याने वायरिंग पेटतं. आणि फॅन फिरतोय तरी काटा वर जातोय तर कूलंट कमी आहे का, थर्मोस्टॅट (कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) अडकलाय का ते बघा. इंजिन तापलेलं तसंच चालवलं तर हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) जातं आणि तो खर्च फॅनच्या कितीतरी पट.

म्हणून गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती, मोटर बदला म्हणायच्या आधी तिला गिऱ्हाईकासमोर बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देऊन दाखवा आणि काय काय तपासलं ते बिलावर लिहा. गिऱ्हाईकांनीही हे मागायला लाजू नये, काढलेला जुना पार्ट पण मागून घ्यावा.

आपला वाचक,
डिचोली