सूचना : रविवारी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सराव

सर्व सदस्यांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता टिळक रस्त्यावरच्या आपल्या नेहमीच्या सभागृहात बॉक्स ट्रेनरवर (आत कॅमेरा असलेल्या सरावाच्या खोक्यावर) सराव आहे. रेसिडेंटना (शिकाऊ सर्जनना) आवर्जून पाठवा. तेवढी सकाळ त्यांची ड्यूटी वरिष्ठांनी सांभाळावी, ही कळकळीची विनंती. येल विद्यापीठातल्या १६ रेसिडेंटवरचा २००२चा अभ्यास आठवा : सिम्युलेटरवर (शस्त्रक्रियेची नक्कल करणाऱ्या यंत्रावर) शिकलेल्यांनी पित्ताशय यकृतापासून २९ टक्के जलद सोडवलं, चुकाही कितीतरी कमी केल्या. पेशंटवर हात बसवण्याचे दिवस आता संपायलाच हवेत.

पडद्यावर नजर ठेवून डाव्या ग्रास्परमधली (लांब दांड्याच्या चिमट्यातली) रबरी रिंग उजव्यात घेणं आणि खोक्याच्या आतच टाक्याची गाठ मारणं, भर यावरच. गाठीला वेळ लागतो, घाईने येऊ नका.

नीडल होल्डर (टाक्याची सुई धरायचा चिमटा) आपापला आणा. नावं शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा.

– सचिव