फ्रिजच्या दारातली बाटली

नेरूळ,
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर दोनदा सांगून झालं. बाबा "हो, हो, कळलं" म्हणतात आणि मागे टीव्हीचा आवाज वाढतो, म्हणून लिहायला बसलो. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, तू वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे.

आधी त्या बाटलीचं. बाबा, ताक काढायला फ्रिज उघडला तेव्हा लोणच्याच्या बरणीमागे ती दिसली आणि तुम्ही म्हणालात, "ते आपलं नेहमीचं आहे." त्या 'नेहमीचं'नेच माझ्या पोटात गोळा आला. 2023च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती, तुमचेही डोळे आले होते, तेव्हा केमिस्टने दिलेलं हे औषध. दोन दिवसांत लाली गेली. तेव्हापासून खाज सुटली की रिकामं खोकं खिशात घालून जायचं आणि तसलंच नवं आणायचं. चिठ्ठी कोणी मागितली नाही, तुम्ही दाखवली नाहीत. खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरात डेक्सामेथासोन लिहिलंय. हे स्टेरॉइड. त्याने खाज झटकन थांबते, म्हणून तर तुमचा त्याच्यावर जीव बसला. पण महिनोन्‌महिने घातलं की काहींच्या डोळ्यातला दाब वाढत जातो. दुखत नाही, खुपत नाही, पत्ताच लागत नाही. आणि आई-वडिलांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर ही भीती जास्त. अण्णांचा डावा डोळा कशाने गेला ते मी तुम्हाला काय सांगायचं. शेवटी शेवटी ते ताटातली चटणी चाचपडत शोधायचे.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा तुमच्या डोळ्यातला दाब 26 निघाला. साधारण 10 ते 21 असावा लागतो. या दाबाने खराब होते ती डोळ्यामागची नस अजून शाबूत आहे, औषध बंद केलं की बहुतेकांचा दाब काही आठवड्यांत उतरतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा तुम्ही छताकडे बघत होतात, म्हणून परत लिहितोय. महिन्याने पुन्हा तपासायचं आहे. ती बाटली मी नेरूळला घेऊन आलोय, उगाच कपाटं धुंडाळू नका.

आता नवं औषध. ऑलोपॅटाडिन, 0.1 टक्के. सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक थेंब, दोन्ही डोळ्यांत. तुमचा आक्षेप मला पाठ आहे: "खाज नसताना औषध कशाला?" बाबा, तुम्ही 34 वर्षं ठाणे–व्हीटी केलंत. मुलुंडचे तुमचे दोस्त उलट दिशेच्या गाडीत बसून ठाण्याला यायचे आणि तुमच्यासाठी रुमाल टाकून जागा धरायचे. हे औषध तो रुमाल आहे. धुळीतल्या किड्यांसारखं काही न मानवणारं डोळ्यात गेलं की तिथल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. ते हिस्टामिन आपापल्या जागेवर जाऊन बसलं की खाज, पाणी, लाली. ऑलोपॅटाडिन आधीच त्या जागा धरून ठेवतं, हिस्टामिन आलं तरी उभंच राहतं. वर मास्ट पेशींनाही आवरून धरतं, म्हणजे फलाटावरची गर्दीच कमी होते. खाज सुटल्यावर थेंब घातला तरी उपयोग होतो, थोड्या मिनिटांत बरं वाटतं. पण तोवर तुम्ही पंचाने डोळे चोळलेले असतात, आणि चोळलं की त्या पेशी आणखी हिस्टामिन सोडतात, मग आणखी चोळायचं. रुमाल आधी टाकायचा असतो. गाडी भरल्यावर टाकून काय?

आणि हे स्टेरॉइड नाही, याने तसा दाब वाढत नाही. मी दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाई हसल्या.

घालण्याची पद्धत. त्या दिवशी तुम्ही आरशासमोर उभे राहून तीन थेंब सोडलेत, त्यातले दोन गालावरून बनियनवर. डोळ्यात मावतं त्याहून एक थेंबच मोठा असतो. हात धुवा, पलंगावर आडवे व्हा, खालची पापणी बोटाने ओढून खळगा करा, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. मग डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून ठेवा. घशाला कडू लागतं म्हणून तुमची तक्रार आहे ना, ती त्यानेच कमी होईल, कारण औषध त्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून नाकात आणि तिथून घशात उतरतं. बाटलीवर मी पेनाने तारीख घातलीये. फोडल्यापासून महिना झाला की उरलं तरी टाकायचं. "अजून अर्धी आहे" हे मी ऐकून घेणार नाही. तुमच्या घरात 2019चं झंडू बामसुद्धा अजून आहे.

आई, आता तू. तू मधूनमधून बाबांची तीच बाटली वापरत होतीस, हे मला वहिनीकडून कळलं, तुझ्याकडून नाही. तुझाही दाब तपासायचाय, महिन्याने त्यांच्याबरोबर तूही चल. बाईंचा बाबांना पहिला प्रश्न आठवतो? "खाज येते की खुपतं?" बाबांना खाज येते, ती ॲलर्जीची खूण. तू मात्र नेहमी वाळू गेल्यासारखं खुपतं म्हणतेस, दुपारी टीव्ही बघताना जास्त. ते बहुधा कोरडेपणाचं आहे, त्याला हे थेंब नकोत, तुझं औषध वेगळं निघेल. आणि एकाच्या डोळ्याला लागलेली बाटली दुसऱ्याने वापरायची नाही. तू आमचे टॉवेलसुद्धा वेगळे ठेवायचीस, बाटलीला कशी काय सूट दिलीस?

दुसरं, बाबांना शिंका आल्या की तू डब्यातली सर्दीची गोळी देतेस. तिच्यात क्लोरफेनिरामिन आहे. त्याने झोप येते, डोळे-तोंड कोरडं पडतं आणि प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडू शकते. होळीच्या सुमारास ती रात्र आठव. विचारल्याशिवाय देऊ नकोस.

शेजारची बिल्डिंग पाडायला घेतलीये त्याचं आपण काही करू शकत नाही. नौपाड्यात आता प्रत्येक गल्लीत एक तरी पडतेच आहे. त्या बाजूच्या खिडक्या दिवसा बंद ठेवा. पण डॉक्टरीणबाईंचा खरा संशय आपल्या घरातल्या धुळीवर होता. कापसाच्या गाद्या, उशा, माळ्यावरच्या गोधड्या, सगळ्यात डोळ्यांना न दिसणारे किडे असतात आणि चार महिन्यांच्या ओलीत ते मजेत वाढतात. चादरी-अभ्रे आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात धुवायचे. मशीनवर 60चा आकडा आहे, तो लावायचा. आणि बाल्कनीत कबुतरांना ज्वारी टाकणं बंद. यावर तू माझ्याशी आठ दिवस बोलणार नाहीस, हे गृहीत धरलंय. 2025 मध्ये दादरचा कबुतरखानासुद्धा बंद केला, तो लोकांच्या छातीसाठी. आपल्या घरी तर पिसं थेट बाबांच्या आरामखुर्चीवर येतात.

आता दिवाळीचं. बाबा, तुम्ही माळा काढायला चढणार, हे मला ठाऊक आहे. दर वर्षी लक्ष्मीपूजनाला तुमचे डोळे टोमॅटोसारखे असतात आणि फोटोत तुम्ही रडल्यासारखे दिसता. या वर्षी थेंब आजपासून सुरू आहेत, एकही चुकवायचा नाही, आणि माळ्याला हात लावायचा नाही. मी पुढच्या रविवारी सकाळच्या ठाण्याच्या गाडीने येतो. माळा मी काढीन, तुम्ही खाली बसून कुठलं पातेलं कुठे ठेवायचं ते ओरडून सांगा, नाहीतरी सांगणारच आहात. तोवर खाज आलीच तर थंड पाण्यात भिजवलेला स्वच्छ रुमाल डोळ्यांवर पाच मिनिटं. पंचा नाही. आणि डोळा दुखला, उजेड सहन होईना, अंधुक दिसलं किंवा चिकट घाण आली तर थेंबांवर भागवू नका. वहिनीला हाक मारा आणि थेट बाईंकडे जा.

आई, येताना जांभळी नाक्यावरून रांगोळीचे रंग आणू का? की ते तू आधीच आणून माझ्या कपाटात लपवलेस?

तुमचा,
धाकटा

ता. क. बाबा, पत्र वाचून झालं की मिस्ड कॉल द्या. दोन वेळा वाजू दे, म्हणजे शेवटपर्यंत वाचलंत असं मी समजेन.