तुझी खिडकी उघडायची नाही

सासवड,
फाल्गुन वद्य सप्तमी

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर मी खिडकीचं काढलं की तुझी मीटिंग सुरू होते, म्हणून लिहितेच. पाडव्याला येशील तेव्हा तुझी खोली झाडलेली असेल, पण पूर्वेची खिडकी बंदच राहणार. तिच्या गजाशी आलेल्या मधुमालतीच्या फांदीला जांभळ्या शिंजिराच्या मादीने घरटं टांगलंय.

मी आधी कचराच समजले. वाळकं गवत, कोळ्याची जाळी, सालीचे कपटे, वर अळ्यांची विष्ठासुद्धा चिकटवलेली! काढायला हात घातला आणि आतून ती भुर्रकन उडाली. मग नीट पाहिलं. बाजूला दार, आणि दारावर चक्क छज्जा. बांधणं, उबवणं सगळं तिचं एकटीचं. नवरोजी निळेकाळे चमकत बोगनवेलीवर बसून गातात. हे बाबांना ऐकवलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "पण पिल्लांना भरवतो ना?" भरवतो, तेवढं खरं. उबवायला पंधरा दिवस, मग पिल्लं उडेपर्यंत आणखी दोन आठवडे. म्हणजे तू असशील तेव्हा ऐन गडबड.

आता तुझा मोगरा. जानेवारीत व्हिडिओवर त्याचे खराटे पाहून "मारलास ना गं" म्हणाली होतीस. मारला नव्हता, ताण दिला होता. इथले अंजीरवाले बहार धरताना झाडाचं पाणी तोडतात, ते पाहूनच मला सुचलं. छाटणी केली, पाणी बंद केलं, राहिलेली पानंही काढून टाकली. तीन आठवड्यांनी मुळाशी शेणखत घालून पोटभर पाणी दिलं. आता दर शेंड्याला तीन-तीन कळ्या आहेत. संध्याकाळी ओटीवर बसवत नाही इतका वास, आणि ही नुसती सुरुवात.

पाण्याचं म्हणशील तर नेहमीचंच. पाऊस तिकडे सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळून मोकळा होतो, दिवे घाटाच्या वर येईस्तोवर ढगात काही उरत नाही. विहिरीच्या खालच्या पायऱ्या दिसायला लागल्यात. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला, अंघोळीचं केळीला. शेवंतीचे वाफे यंदा सोडून दिले. वाईट वाटलं, पण इलाज नाही.

बांधावरच्या पळसाची तू नक्की चौकशी करशील. गेल्या महिन्यात कुणीतरी बांधावरचं गवत पेटवलं आणि त्याचा बुंधा होरपळला. मला दोन दिवस जेवण गेलं नाही म्हटलं तरी चालेल. तर तो पठ्ठ्या वरून शेंदरी होऊन उभा! पळसाला पानं तीनच म्हणतात, सध्या तर एकही नाही, नुसती फुलं. साळुंक्या आणि बुलबुल दिवसभर भांडतात तिथे. खाली पडलेली फुलं वेचून रंगपंचमीला उकळली, उरलेली सुपात वाळत आहेत. तुझ्या पांढऱ्या ओढणीला तो केशरी रंग देऊन बघू.

येताना रविवार पेठेतून गुढीच्या गाठी आण, बाबांना इथल्या पसंत पडत नाहीत. कडुलिंबाचा मोहोर मात्र आणू नकोस, अंगणात सडा पडलाय. तुझं अंथरूण मधल्या खोलीत घालते.

तुझी,
आई