आयटीआय झालं, पुढे परमनंटचं काय?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की आसपासचे पालक मुलाला घेऊन माझ्याकडे येतात. मी आयटीआय करून टूलरूमला, म्हणजे कंपनीचे साचे-डाय बनवणाऱ्या खात्यात, लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो, त्यामुळे प्रश्न ठरलेला : "काका, फिटर घेऊ की इलेक्ट्रिशियन?" आपल्या पुरवणीतला करिअरवरचा लेखही तिथेच थांबला. कुठल्या ट्रेडला किती मुदत, किती विद्यावेतन, संपलं. पोरगं कंपनीच्या गेटातून आत गेल्यावर त्याचं काय होतं, यावर एक ओळ नाही.

ट्रेड कुठलाही घ्या, हात बसला पाहिजे. आमच्या सरांनी सुरुवातीला नुसती कानस चालवायला लावली होती. लोखंडाचा चौकोनी तुकडा घासायचा, कडेला गुण्या लावायचा, उजेडाकडे धरून बघायचं. फटीतून उजेड दिसला की तुकडा परत व्हाइसमध्ये. तळहाताला फोड यायचे, पण डायची दोन तोंडं जुळवण्याइतका हात त्यातूनच तयार झाला. 'मार्क कमी पडले म्हणून आयटीआय' असं म्हणणाऱ्या पाहुण्याला मी चहासुद्धा विचारत नाही.

घोळ आहे तो पुढे. आयटीआय झालेलं पोरगं कंपनीत आधी अॅप्रेंटिस म्हणून लागतं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात अॅप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. मुदत संपल्यावर त्याला ठेवून घेण्याचं सरसकट बंधन मालकावर नाही. कंपनीने भरतीचं आपलं धोरण ठरवावं, एवढंच २०१४ च्या दुरुस्तीनंतर कायदा म्हणतो. मग मुलगा टेम्पररी लागतो. सात महिने झाले की ब्रेक देऊन काढतात, कारण २४० दिवस भरले तर कायम होण्याचा दावा उभा राहतो. भोसरी-चाकणला तिशी ओलांडलेली अशी मुलं कितीतरी भेटतात. कसब वाढलेलं, पण दर खेपेला गेट नवं, पास नवा आणि पगार पुन्हा पहिल्या पायरीवरचा. लग्नाच्या बोलणीत 'परमनंट आहे का' हा प्रश्न मुलीचे वडील हमखास विचारतात. मुलाच्या वडिलांनी मात्र तो कधी विचारलेला नसतो.

युनियन भक्कम असेल तर तीन-साडेतीन वर्षांच्या करारात पगारवाढीबरोबर 'इतक्या जणांना कायम करणार' हेही लिहून घेता येतं. आमच्या कमिटीने त्या कलमासाठी पगारवाढीतले थोडे पैसे सोडले, तेव्हा गेटसभेत आम्हा जुन्या लोकांनीच आरडाओरडा केला होता. तरी कलम राहिलं आणि त्यावर लागलेली पोरं आज टूलरूम सांभाळतात. परमनंटवाल्यांपुरतंच बघणाऱ्या, टेम्पररी पोरांकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या युनियनही या पट्ट्यात आहेत, हे मात्र खरं.

तेव्हा कंपनी निवडताना स्टायपेंडचा आकडा बाजूला ठेवून विचारा : गेल्या तीन वर्षांत किती अॅप्रेंटिस कायम झाले? युनियन आहे का, शेवटचा करार कधी झाला? एचआरवाले गोल गोल बोलतील. पहिली पाळी सुटताना गेटसमोरच्या टपरीवर उभं राहा, सगळं कळेल.

आपणही आयटीआय प्रवेशाच्या बातमीशेजारी परिसरातल्या कंपन्यांना हेच आकडे विचारून छापावेत. जे देणार नाहीत, त्यांची नावंही छापावीत.

– एक निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड